सुरांचा शेजार
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळात आजवर लोणच्या-मुरंब्यांपासून गीतेतील कर्मयोगापर्यंत आणि बालसंगोपनापासून मृत्युपत्राच्या कायद्यापर्यंत किती विषयांवर व्याख्याने झाली, त्याची गणती नाही. परंतु इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी स्वरसंवाद कसे रचावेत, हा विषय या व्यासपीठावर आज पहिल्यांदाच येत आहे. मी विषयाचे नाव सांगितले तेव्हा चिटणीसबाईंनी ते दोनदा विचारून घेतले, आणि तरीही कार्यक्रमपत्रिकेत छापले, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

मी या शास्त्रातली पंडिता नव्हे. चार वर्षांपूर्वी 'कॉर्ड' म्हणजे काय, असे कोणी विचारले असते तर मला धड उत्तर देता आले नसते. जे काही शिकले ते घरीच. दुपारची झाकपाक झाल्यावर, पुस्तके चाळून आणि कान लावून. मग एखाद्या जाणकाराला बोलवायचे सोडून मला का बोलावले, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर एवढेच की, जिना ज्याने नुकताच चढलेला असतो त्याच्या गुडघ्यांना प्रत्येक पायरी आठवत असते.

या वाटेला मी का लागले, ते आधी सांगते. मंडळाची प्रार्थना मी पुष्कळ वर्षे सांगत असे, हे आपल्याला ठाऊक आहेच. पुढे माझ्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुखणे गेले, जीव वाचला. पण गाण्याचा आवाज परत आला नाही. बोलता येते, पण मध्य सप्तकातल्या पंचमाच्या वर गेले की नुसती हवा निघते. देवघर जागेवर, निरांजन जागेवर आणि वात तेवढी नाही, अशी गत झाली. घरची माणसे प्रेमाने म्हणत, "आता ऐकण्यात आनंद माना." परंतु जिने आयुष्यभर रांधले तिला नुसते आयत्या पानावर बसून बरे वाटत नाही. मला गाणे करायचे होते. गळा नव्हता. घरात नातवाचा जुना संगणक होता, आणि त्यावर एलएमएमएस नावाची, पैसे न मोजता मिळणारी संगीताची प्रणाली होती. तेवढ्या भांडवलावर मी आरंभ केला.

आता मूळ विषय. आपले संगीत एका सुरामागून दुसरा सूर, असे चालते. माळेत मणी ओवावेत तसे. स्वरसंवाद म्हणजे, ज्याला पाश्चात्त्य हार्मनी म्हणतात तो, एकाच क्षणी तीन-चार सूर एकत्र वाजवण्याचा आणि अशा एका समूहातून दुसऱ्या समूहात सुरेख रीतीने जाण्याचा विचार. त्या समूहाला कॉर्ड म्हणतात. माळ म्हणजे सुरांचा प्रवास. कॉर्ड म्हणजे सुरांचा शेजार. आणि शेजार कसा असावा हे आम्हा बायकांना कोणी शिकवावे लागत नाही!

ही गोष्ट आपल्याला सर्वस्वी परकी आहे, असे मला प्रथम वाटत होते. पण तंबोऱ्याने माझे मत बदलले. उत्तम जवारी लावलेला तंबोरा छेडला की खर्जाच्या तारेतून एक गांधार आपोआप उमटतो. त्या गांधाराची तार तंबोऱ्याला नसते. त्याला आपले गवई स्वयंभू गांधार म्हणतात. शास्त्र असे सांगते की, तार एका वेळी अनेक पटींनी कंप पावते: दुपटीने, तिपटीने, चौपटीने, पाचपटीने. तिप्पट कंपने म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम, आणि पाचपट म्हणजे त्याच्याही वरचा गांधार. म्हणजे एका षड्जाच्या पोटात सा, ग आणि प असे तिघे मुळातच नांदत असतात. आणि पाश्चात्त्यांची पहिली कॉर्ड कोणती, तर हीच सा-ग-प! जे तंबोऱ्यात अस्फुट ऐकू येते तेच त्यांनी तीन ठिकाणी स्पष्ट मांडले, इतकेच.

आता संगणकाच्या पडद्यावर हे कसे दिसते, ते सांगते. त्यावर चौकटींची एक जाळी असते. आडवी दिशा काळाची, उभी दिशा सुरांच्या उंचीची. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला ती पाच मिनिटांत समजते. प्रत्येक सुराला एक क्रमांक असतो. ही क्रमांकांची पद्धत, जिला मिडी म्हणतात, ती १९८३ मध्ये प्रचारात आली, आणि निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये त्यामुळे एकमेकांशी बोलू लागली. पेटीच्या पांढरी सहावर सा धरला, तर मंद्रमध्यात त्याचा क्रमांक ५७ येतो. तेथून चार घरे वर मोजली की ६१ वर ग, आणि आणखी तीन घरे वर ६४ वर प. चार आणि तीन, हा मेजर कॉर्डचा हिशोब. उलट आधी तीन आणि मग चार घरे मोजली की कोमल गांधाराची, मायनर कॉर्ड होते. मेजर म्हणजे आनंद आणि मायनर म्हणजे दुःख, असे पुस्तकात लिहिलेले असते. ज्यांनी रात्रीच्या प्रहरी दरबारी ऐकला आहे त्यांना कोमल गांधार म्हणजे नुसते रडणे नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

येथे एक खोच आहे, आणि ती प्रत्येक गाणारीच्या कानाला खटकते. तंबोऱ्याचा गांधार आणि संगणकाचा गांधार एक नव्हेत. सा जर सेकंदाला २२० कंपनांचा धरला, तर शुद्ध गांधार २७५ कंपनांचा आणि पंचम ३३० चा. संगणकाचा, आणि आपल्या बाजारच्या पेटीचाही, पंचम ३२९.६३ येतो, म्हणजे जवळजवळ बरोबर. पण गांधार येतो २७७.१८, म्हणजे चांगलाच चढा. कारण या वाद्यांत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. कापड बारा सारख्या तुकड्यांत फाडले की शिवायला सोपे जाते, पण अंगाला तंतोतंत बसत नाही. 'आकाशवाणी'ने १९४० पासून पुढे तीसएक वर्षे पेटीला दार बंद ठेवले होते, त्यामागे हेही एक कारण होते: तिला मींड घेता येत नाही आणि श्रुती पाळता येत नाही.

मग सर्व सूर शुद्धच का लावू नयेत? आजच्या प्रणालींपैकी कित्येकींत तशी सोय आहे, आणि सा-ग-प असे लावून ऐकले की अंगावर शहारा येतो. पण गंमत पुढे आहे. सा-शी चोख जुळणारा रे २४७.५ कंपनांचा आणि ध ३६६.६७ चा. आता रे लाच पाया करून त्याचा पंचम म्हणून ध वाजवू पाहिला, तर तो ३७१.२५ हवा. साडेचार कंपनांची तूट! म्हणजे सा-च्या घरी जो ध सोन्यासारखा, तोच रे-च्या घरी बेसूर. एका पायावर उभे राहायचे असेल तर शुद्ध सूर. पाया बदलत चालायचे असेल तर प्रत्येकाने थोडे थोडे सोसायचे. एकत्र कुटुंबाचा कायदा याहून निराळा काय आहे? हे कळल्यावर त्या चढ्या गांधारावरचा माझा राग गेला. जेथे माझी कॉर्ड एकाच षड्जावर स्थिर राहते तेथे मी शुद्ध गांधार लावते. जेथे कॉर्ड हलतात तेथे पेटीचा स्वीकारते.

आता प्रत्यक्ष रचना. मी भूपापासून आरंभ केला, आणि नवशिक्या भगिनींना तोच सुचवीन. भूपात पाच सूर: सा रे ग प ध. या पाचांतून चार-तीन किंवा तीन-चारच्या हिशोबाने किती कॉर्ड होतात, ते कागदावर मांडून पाहा. फक्त दोन होतात. एक सा-ग-प, आणि दुसरी ध-सा-ग. पहिली मेजर, दुसरी मायनर. दोन पातेल्यांत सगळा स्वयंपाक! पण एवढ्यातही किती चव निघते, ते ऐकल्याशिवाय कळायचे नाही. चाल तीच ठेवा, सुरावट तसूभरही बदलू नका, आणि खाली सा-ग-पच्या जागी ध-सा-ग ठेवा. जणू त्याच खोलीत दिवेलागण झाली.

हे का होते? नीट पाहा. वर एकटा सा दीर्घ धरला आहे. खाली सा-ग-प आहे तेव्हा तो घरचा कर्ता. खाली ध-सा-ग आली की तोच सा आता ध-चा कोमल गांधार झाला. आणि खाली म-ध-सा ठेवली, अर्थात भूप सोडून बिलावलात जाऊन, की तोच त्या मध्यमाचा पंचम झाला. सूर हलला नाही, नाते बदलले. एकच बाई माहेरी लेक, सासरी सून आणि आपल्या घरी आई असते. तिचे नाव तेच, चेहरा तोच, पण उंबरा बदलला की उभे राहणे बदलते. स्वरसंवादाचे सारे मर्म माझ्या मते या एका वाक्यात आहे.

भूपातली खरी अडचण रे-ची. वरच्या दोन्ही कॉर्डमध्ये रे नाही. चाल रे-वर येऊन विसावली की खाली ठेवायचे काय? तेथे सा-रे-प अशी तिघांची जुळणी कामाला येते. तिच्यात गांधार नसल्यामुळे ती ना मेजर, ना मायनर. दारात उभ्या असलेल्या पाहुण्यासारखी, आत येणार की जाणार हे न सांगणारी. आणि मग रे-चा ग झाला, की पाहुणा घरात आला. हा क्षण साधला की रचना करणाऱ्याला जो आनंद होतो तो तार षड्ज लागल्याच्या आनंदाहून फार कमी नाही. मी दोन्ही आनंद घेतले आहेत, म्हणून सांगते.

कॉर्ड ठरल्या तरी एका कॉर्डवरून दुसरीवर जायचे कसे, हा प्रश्न उरतोच. तिन्ही सूर एकदम उचलून दुसरीकडे टाकले तर ऐकणाऱ्याला धक्के बसतात. नियम असा की, जो सूर दोन्हीकडे आहे तो जागचा हलवू नये, आणि उरलेल्यांनी जवळच्या घरात जावे. सा-ग-प वरून ध-सा-ग वर जाताना सा आणि ग आहेत तेथेच राहतात. फक्त प एक पाऊल वर चढून ध होतो. ६४ चा ६६ झाला, बस्स. फुगडीत एक पाय रोवलेला असतो म्हणूनच दुसऱ्याने गिरकी घेता येते. सूर कोणत्या क्रमाने खालीवर आहेत, याला त्यामुळे फार महत्त्व येते. कॉर्ड तीच, पण कोण तळाला आहे त्यावर तिचा डौल बदलतो.

आणि तळाची गोष्ट निघाली म्हणून सांगते. मंद्रात गर्दी करू नये. ११० कंपनांच्या आसपास सा आणि ग शेजारी बसवले की आवाज गढूळ होतो, कारण इतके खालचे व जवळचे सूर आपला कान नीट वेगळे करू शकत नाही. खाली एकटा सा, फार तर त्याच्या जोडीला प. गांधार वरच्या सप्तकात. गव्हाच्या कोठीत तळाला दाणा जड आणि मोकळा असावा, तसे.

येथवरचे सारे पेटीलाही लागू आहे. इलेक्ट्रॉनिक संगीताचे निराळेपण ते सुराच्या जातीत. यंत्रातून सूर निघतो तो काही मोजक्या आकारांच्या लहरींतून. साइन लहर म्हणजे निव्वळ एक सूर, पोटात दुसरे काही नाही, बासरीहूनही साधा. करवतीच्या दात्यांसारखी जी लहर असते तिच्यात सगळ्या पटींचे सूर भरलेले असतात. चौकोनी लहरीत फक्त विषम पटींचे. आता विचार करा: करवती लहरीचे तीन सूर एकत्र वाजवले, म्हणजे तीन बायका आल्या नाहीत, तिघींच्या लेकीसुनांसह सगळा गोतावळा आला! चढा गांधार येथेच भांडतो. सा-चा पाचवा पट ११००, ग-चा चौथा पट ११०८.७; दोघांच्या टकरीतून सेकंदाला जवळजवळ नऊ ठोके उमटतात. म्हणून वरचे पट झाकून टाकणारी फिल्टर नावाची सोय असते, ती भातावरच्या झाकणासारखी कमीजास्त सरकवायची. थोडे उघडले की वाफ येते. सताड उघडले की घरभर. कॉर्ड तीच ठेवून झाकण हळूहळू उघडणे, एवढ्यावर अख्खा प्रसंग उभा करता येतो. गळ्याला आकार-इकार असतात, तसे यंत्राला हे.

आता काही भगिनींच्या मनातला प्रश्न मीच विचारते. हे यंत्रांचे काम पुरुषांचे, आणि तेही परदेशातल्या. आपण कशाला त्यात पडावे? तर ऐका. लंडनला बीबीसीची रेडिओफोनिक कर्मशाळा १९५८ मध्ये निघाली, तिच्या संस्थापकांत डॅफ्नी ओरम ही बाई होती. त्याच कर्मशाळेत डेलिया डर्बिशायर हिने १९६३ मध्ये रॉन ग्रेनर यांच्या चालीवरून 'डॉक्टर हू' या दूरदर्शन मालिकेचे सुरुवातीचे संगीत तयार केले. एकेक सूर फितीवर मुद्रित करायचा, फीत कापायची, जोडायची. गोधडी शिवण्याचेच काम ते! अमेरिकेत वेंडी कार्लोस यांची 'स्विच्ड ऑन बाख' ही ध्वनिमुद्रिका १९६८ मध्ये निघाली. त्यांच्या मूग यंत्रातून एका वेळी एकच सूर निघत असे. म्हणून त्यांनी प्रत्येक सुरावट वेगळी वाजवून एकावर एक बसवली. नवशिक्या बाईने हाच मार्ग धरावा, असे मला वाटते. कॉर्ड एकदम ठोकू नये. तिच्यातला प्रत्येक सूर एक स्वतंत्र गाणारी समजून तिची वाट निराळी आखावी.

आणि परदेश कशाला? अहमदाबादच्या गीता साराभाई १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या आणि तेथे जॉन केज या संगीतकाराला त्यांनी आपले संगीत शिकवले व त्याच्याकडून त्यांचे शिकल्या. पुढे १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग यंत्र आले, त्यावरही त्यांनी रचना केली. तेथील ध्वनिफिती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग यंत्रांच्या तालावर वाजवून ध्वनिमुद्रिका केली. आणि ज्या हिंदी चित्रपटगीतांवर आपण सर्वजणी वाढलो, त्यांच्या मागचा स्वरसंवाद कोणी लिहिला? सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याकडच्या वादकांनी, ज्या गोव्यात चर्चच्या शाळेतून मुलांना लिहिलेले संगीत वाचायला शिकवत. म्हणजे हा शेजार आपल्या कानावरून केव्हाच गेला आहे. त्याच्याशी ओळख तेवढी करून घ्यायची राहिली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो मी स्वतःलाच वर्षभर विचारत होते. कॉर्ड बदलली की पायाचा सा हलतो. ज्या सा-ला आम्ही आयुष्यभर ध्रुवताऱ्यासारखे धरले, तो हलवणे हा रागाचा घात नव्हे काय? याचे उत्तर मला मूर्च्छनेने दिले. भूपाचेच पाच सूर घ्या आणि गांधाराला सा माना. मालकंस उभा राहतो. हे आपल्या गवयांना नवे नाही. सा हलवण्याची विद्या आपल्याकडेही आहे. आपण ती एकेका दीर्घ मुक्कामाने वापरली, त्यांनी पावलापावलाला. तरीसुद्धा मी एवढे म्हणेन की, प्रत्येक रागाला हे सोसत नाही. जेथे एकेका सुराचे आंदोलनच राग घडवते, तेथे तीन स्थिर सूर खाली घालणे म्हणजे नाजूक पैठणीला गोणपाटाचे अस्तर. दरबारीला मी हात लावत नाही. तेथे तंबोरा पुरे.

ज्या भगिनींना हे करून पाहायचे असेल त्यांना तीनच गोष्टी सांगते. पहिली, आधी चाल गुणगुणा, मग यंत्र उघडा. यंत्र आधी उघडले तर ते आपली चाल आपल्या गळी उतरवते. दुसरी, एका महिन्यात दोनच कॉर्ड. त्यांची सगळी रूपे कानात बसली की तिसरी. तिसरी, जे रचाल ते दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. रात्री गोड लागलेले पुष्कळदा सकाळी शिळे लागते, आणि जे सकाळीही गोड लागते ते ठेवण्याजोगे असते.

शेवटी एक मागणी आहे. आपल्या मंडळाची प्रार्थना भूपाच्याच अंगाची आहे. मी तिच्यासाठी तीन सुरावटी रचून ठेवल्या आहेत. खालचा खर्ज आणि मधली साथ यंत्र सांभाळील. पण मी मूळ चालीच्या शेजारी एक दुसरी चाल लिहिली आहे, ती यंत्रावर वाजवून पाहिली आणि मला ती पटली नाही. तिला माणसांचा श्वास हवा. ती मुद्दाम खालच्या पट्टीत, मध्य पंचमाच्या वर न जाणारी अशी लिहिली आहे. प्रार्थनेच्या वेळी "आमचा आवाज जाड आहे हो" म्हणून ज्या भगिनी मागच्या रांगेत ओठ मिटून उभ्या राहतात, त्यांच्यासाठी ती आहे. अशा चौघीजणी मला हव्यात. दर बुधवारी तीन वाजता मंडळाच्या मागच्या खोलीत बसू. पाचवी मी, पंचमापर्यंतचा माझा आवाज अजून शाबूत आहे.